एका ओळीचा पॅच आणि एकाच आयडीच्या दोन चिप

पॅच, म्हणजे कोडमध्ये सुचवलेला बदल, एका ओळीचा होता. लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, एसपीआय नॉर फ्लॅश या साठवणीच्या चिप्सचा एक तक्ता असतो. त्यात डब्ल्यू२५क्यू२५६ ही नोंद आधीपासून होती, तिच्यापुढे एक फ्लॅग, म्हणजे क्षमतेची खूण, वाढवला होता. वर दोन वाक्यांचा संदेश: "नव्या फ्लॅश चिपसाठी चार-बाइट ऑपकोड चालू केले. बोर्डावर तपासले, चालते." (ऑपकोड म्हणजे चिपला द्यायच्या आज्ञेचा आकडा.) असा पॅच दोन मिनिटांत मंजूर करून पुढच्या कामाला लागावं असं कोणालाही वाटेल. मला त्या ओळीवर जवळपास आठवडा घालवावा लागला. तो आठवडा कशात गेला हे मी सविस्तर मांडते आहे, कारण नव्या चिपचा पॅच तपासताना नेमकं काय तपासायचं हे मला या एका प्रकरणाने जितकं शिकवलं तितकं दुसऱ्या कशाने शिकवलं नाही.

आमचं उत्पादन म्हणजे मीटरांचे आकडे गोळा करून पुढे पाठवणारा एक छोटा लिनक्स बोर्ड. त्यावर ३२ एमबीची एकच फ्लॅश. बूटलोडर, कर्नल, रूट फाइलसिस्टिम सगळं तिच्यातच, आणि वरच्या अर्ध्या भागात नोंदी साठवण्यासाठी यूबीआयचं, म्हणजे फ्लॅशवरची साठवण सांभाळणाऱ्या कर्नलमधल्या थराचं, पार्टिशन. कर्नल प्रोसेसरच्या विक्रेत्याने दिलेलं, बरंच जुनं. ज्यांनी कारखान्यासाठी किंवा वीजवितरणासाठी अशी उपकरणं बनवली आहेत त्यांना हे चित्र ओळखीचं वाटेल. बोर्ड एकदा खांबावर किंवा पॅनेलमध्ये बसला की पुढची कित्येक वर्षं त्याला कोणी हात लावत नाही.

पॅच लिहिणारा मुलगा आमच्याकडे नवीन होता, पण त्याने दुखणं अचूक पकडलं होतं. नव्या तुकडीच्या बोर्डांची सलग चाचणी चालू असताना त्याच्या लक्षात आलं की वॉचडॉगने, म्हणजे सॉफ्टवेअर अडकलं की प्रोसेसर रीसेट करणाऱ्या टायमरने, रीसेट केलं की बोर्ड उठतच नाही. सीरियल कन्सोलवर एक अक्षर येत नाही. वीज काढून परत दिली की मात्र काही झालंच नाही अशा थाटात सुरू होतो. वॉचडॉग लावायचा तो बोर्ड माणसाशिवाय आपला आपण सावरावा म्हणून, आणि इथे वॉचडॉगच त्याला कायमचा झोपवत होता.

दुखणं कुठे होतं

एसपीआय नॉर फ्लॅशला पत्ता तीन बाइटांत द्यायचा ही जुनी रीत. तीन बाइट म्हणजे २४ बिट, म्हणजे १,६७,७७,२१६ पत्ते, बरोबर १६ एमबी. चिप त्याहून मोठी झाली की वरच्या भागापर्यंत तीन बाइटांचा पत्ता पोहोचत नाही. यावर चिप बनवणाऱ्यांनी दोन वाटा काढल्या. पहिली, चिपला एक आज्ञा देऊन चार-बाइट मोडमध्ये टाकायचं: हेक्स (सोळा-आधारी) बी७ पाठवलं की आत, ई९ पाठवलं की बाहेर. मोडमध्ये गेल्यावर ऑपकोड नेहमीचेच राहतात, फक्त त्यांच्यामागे येणारा पत्ता चार बाइटांचा आहे असं चिप धरून चालते. दुसरी वाट म्हणजे चार-बाइट पत्त्यासाठी वेगळे ऑपकोडच ठेवायचे. वाचण्याच्या ०३ ला जोड म्हणून १३, लिहिण्याच्या ०२ ला १२, ६४ केबीचा ब्लॉक पुसण्याच्या डी८ ला डीसी. इथे मोड बदलण्याची भानगडच नाही. कोणत्या ऑपकोडमागे किती बाइटांचा पत्ता येणार हे ऑपकोडवरूनच ठरतं.

पहिल्या वाटेत एक मेख आहे. चिप मोड लक्षात ठेवते. वॉचडॉगने प्रोसेसर रीसेट केला, पण फ्लॅशची वीज काही गेली नाही, त्यामुळे ती अजून चार-बाइट मोडमध्येच बसलेली. इकडे प्रोसेसरच्या पोटातला बूट रॉम, म्हणजे सगळ्यात आधी चालणारा कायमचा कोड, नव्याने जागा होतो आणि त्याला येते ती एकच भाषा बोलतो: ०३, त्यामागे पत्त्याचे तीन बाइट, आणि मग डेटा ऐकायला लागतो. चिप मात्र चौथ्या बाइटाची वाट बघत असते. बूट रॉम ज्याला डेटाचा पहिला बाइट समजतो, त्या वेळात चिप पत्त्याचा चौथा बाइट घेत असते. पत्ता भलताच होतो आणि डेटा एक बाइट उशिरा सुरू होतो. बूट रॉमला हेडर सापडत नाही, आणि गाडं तिथेच अडतं.

हे दुखणं लिनक्स कर्नलला जुनं ठाऊक आहे. बोर्डावर काय काय आहे हे कर्नलला सांगणाऱ्या वर्णनात, म्हणजे डिव्हाइस ट्रीमध्ये, 'ब्रोकन-फ्लॅश-रीसेट' नावाचा गुणधर्म त्याचसाठी आहे. तो लावला की नीट बंद होताना किंवा रीबूट होताना कर्नल चिपला चार-बाइट मोडमधून बाहेर काढून ठेवतं. पण "नीट बंद होताना" हे शब्द महत्त्वाचे. वॉचडॉग फुटतो तेव्हा कर्नल आधीच अडकलेलं असतं, त्याला आवराआवर करायला वेळ कोण देणार? हा उपाय अर्धाच आहे याची कल्पना कर्नल लिहिणाऱ्यांनाही होती. अशा बोर्डावर सुरू होतानाच लॉगमध्ये इशारा येतो, की अनपेक्षित रीबूटमधून बोर्ड कदाचित सावरणार नाही.

म्हणून त्या मुलाने दुसरी वाट धरली. बोर्डावर आता डब्ल्यू२५क्यू२५६जेव्ही चिप होती, तिची डेटाशीट उघडली, चार-बाइट ऑपकोडचा सगळा संच तिला येतो हे पाहिलं, आणि तक्त्यात तसा फ्लॅग लावला. आता कर्नल चिपला मोडमध्ये टाकतच नव्हतं. वॉचडॉग कितीही वेळा मारा, चिप कायम तीन-बाइट मोडमध्येच सापडणार.

"मॅडम, वीस वेळा वॉचडॉग मारून बघितला. वीसही वेळा बोर्ड उठला," तो म्हणाला.

त्याचं निदान बरोबर होतं, उपाय बरोबर होता आणि चाचणीही खोटी नव्हती. हे मी आधीच लिहून ठेवते, कारण पुढे जे निघालं त्यात त्याची हुशारी कुठे कमी पडली नव्हती.

मी कशाला अडले

संदेशात "नवी चिप" असं लिहिलं होतं. पॅचमध्ये नवी नोंद नव्हती. या दोन गोष्टी एकमेकींशी जुळत नव्हत्या. नवी चिप आली तर तिची नवी ओळ यायला हवी. इथे जुन्याच ओळीला फ्लॅग जोडला होता. का, असं विचारलं. तो म्हणाला, "नोंद आधीच होती ना. आयडी सापडला, म्हणून त्यातच जोडलं."

चिपला हेक्स ९एफ ही आज्ञा दिली की ती तीन बाइटांचा आयडी देते. पहिला बाइट उत्पादकाचा, विनबॉन्डसाठी ईएफ. दुसरा चिपच्या कुळाचा, इथे ४०. तिसरा आकाराचा: १९, म्हणजे दशमानात २५, आणि २ चा २५वा घात म्हणजे ३२ एमबी. जेव्ही चिप ईएफ ४० १९ असा आयडी देत होती. कर्नलच्या तक्त्यात हा आयडी कित्येक वर्षांपासून होता. जेव्ही बाजारात येण्याआधीपासून होता. मग तो आयडी मुळात कोणाचा?

तो होता डब्ल्यू२५क्यू२५६एफव्हीचा, म्हणजे जेव्हीच्या आधीच्या पिढीचा. दोन्ही पिढ्यांना आयडी तोच दिलेला आहे. यामागे उत्पादकाचा विचार समजण्यासारखा आहे: जुनी चिप काढून नवी लावली तर ग्राहकाचं जुनं सॉफ्टवेअर एकही ओळ न बदलता चालावं. आणि ते चालतंच. प्रश्न येतो तो उलट्या दिशेने, नवीला जे येतं ते जुनीला येत नसेल तेव्हा. हे एकट्या विनबॉन्डचंही नाही. मॅक्रोनिक्सच्या एमएक्स२५एल२५६३५ या चिपची ई आणि एफ अशी दोन रूपं आहेत, त्यांचाही आयडी एकच. त्यातल्या एफला चार-बाइट ऑपकोड येतात, ईला येत नाहीत.

मी दोन डेटाशीट शेजारी शेजारी उघडल्या आणि आज्ञांचे तक्ते ओळीओळीने लावून पाहिले. चार-बाइट ऑपकोडचा पूर्ण संच फक्त जेव्हीत होता. एफव्हीच्या तक्त्यात वाचण्याच्या आज्ञा होत्या, लिहिण्याच्या १२ आणि पुसण्याच्या डीसीला ओळच नव्हती.

आता एकच गोष्ट कळायला हवी होती: आमच्याकडे एफव्ही आहे का?

स्टोअर्समध्ये गेले. तिथले काका गेली कित्येक वर्षं चिपची रीळं सांभाळतात, त्यांना पार्ट नंबर तोंडपाठ असतात. मी विचारलं तसं म्हणाले, "ताई, जेव्ही आत्ता आली. आधीच्या दोन्ही लॉटना एफव्हीच लागलीय. आणि एक अर्धं रीळ अजून आहे, ते संपवायचं म्हणून या लॉटच्या शेवटच्या बोर्डांना तेच लावलं."

पुढचे सगळे निर्णय त्या अर्ध्या रिळावर ठरले. जुन्या आणि नव्या चिपची सीमा बोर्डाच्या आवृत्तीवर पडत नव्हती. एकाच आवृत्तीच्या, एकाच तुकडीच्या बोर्डांत दोन्ही चिप मिसळलेल्या होत्या. बोर्डाचा क्रमांक बघून आत कोणती चिप आहे हे सांगता येणार नव्हतं.

एफव्हीवर तोच पॅच

काकांकडून एफव्हीचे तीन बोर्ड घेतले. चिपच्या पाठीवरचं छापलेलं नाव भिंगाखाली वाचून खात्री केली आणि त्या मुलाला शेजारी बसवून त्याचंच कर्नल त्यावर चढवलं.

बोर्ड सुरू झाला. चिप ओळखली गेली, पार्टिशन दिसली, फाइलसिस्टिम चढली, लॉगमध्ये एकही चूक नाही. इथे थांबलो असतो तर "एफव्हीवरही चालते" असा शेरा बसला असता.

मग वरच्या अर्ध्या भागातलं एक मोकळं पार्टिशन घेतलं. आधी जुन्या कर्नलने त्यात २ एमबी यादृच्छिक डेटा लिहून ठेवला होता. नव्या कर्नलवर एमटीडीच्या, म्हणजे कर्नलच्या फ्लॅश-व्यवस्थेच्या, चाचणी-साधनाने ते २ एमबी पुसायला सांगितले. आमच्या कॉन्फिगमध्ये पुसण्याचा ब्लॉक ६४ केबीचा आहे, म्हणजे असे ३२ ब्लॉक. या चिप्सना एक ब्लॉक पुसायला साधारण १५० मिलिसेकंद लागतात. सगळं मिळून पाचेक सेकंद तरी जायला हवीत.

एंटर दाबलं आणि पुसल्याचा संदेश येऊन प्रॉम्प्ट त्याच क्षणी परत आला.

ते पाहून पोटात गोळा आला. चूक दाखवणारा एक शब्दही पडद्यावर नव्हता. दिसत होती ती फक्त घाई. फ्लॅशचं काम ज्यांनी हाताने केलं आहे त्यांना पुसण्याची ती थोडी रेंगाळणारी लय ठाऊक असते, ती इथे नव्हती. भाग वाचून पाहिला. पुसलेली फ्लॅश म्हणजे सलग एफएफ दिसायला हवेत. तिथे कालचा यादृच्छिक डेटा जसाच्या तसा होता. लिहून पाहिलं. लिहिणंही "यशस्वी" झालं आणि वाचल्यावर तोच कालचा डेटा आला. शा-२५६ ची बेरीज घेतली, जुन्या फाइलीशी तंतोतंत जुळली.

असं होतं कारण एसपीआयच्या तारेवर चिप कधीच "कळलं नाही" असं म्हणत नाही. तशी सोयच नाही. ड्रायव्हर आधी लिहिण्याची परवानगी देणारी ०६ ही आज्ञा देतो, मग डीसी आणि पत्ता पाठवतो, आणि मग स्थितीदर्शक रजिस्टर वाचत राहतो, चिपचं काम चालू असल्याचा बिट शून्य होईपर्यंत. एफव्हीला डीसी ठाऊक नाही, म्हणून तिने ती आज्ञा सोडून दिली. काम सुरूच झालं नाही, म्हणून तो बिट पहिल्याच वाचनाला शून्य. ड्रायव्हर समजला की काम झालं. दोघांपैकी कोणीच खोटं बोललं नाही, आणि तरी डेटा गेला.

त्या मुलाने स्वतःच पुढचं वाक्य पूर्ण केलं. "म्हणजे हे अपडेट फील्डवर गेलं असतं तर..."

तर एफव्ही असलेल्या प्रत्येक बोर्डाने अपडेट व्यवस्थित घेतलं असतं, कारण ते लिहिण्याचं काम जुनंच कर्नल करतं. रीबूट होऊन नवं कर्नल सुरू झालं असतं. आकडे येत राहिले असते, पुढे जात राहिले असते. फक्त फ्लॅशवर काहीच साठलं नसतं. वीज गेली की साठवलेल्या सगळ्या नोंदी, बदललेली सगळी सेटिंग गायब. आणि त्यातून सुटण्यासाठी पुढचं अपडेट पाठवावं, तर ते लिहून घेण्याची ताकदही त्या कर्नलमध्ये नसती. प्रत्येक बोर्डापाशी माणूस पाठवावा लागला असता. वॉचडॉगचं दुखणं वीज काढून घातली की बरं होत होतं, हे त्यानेही झालं नसतं.

फरक ओळखायचा कसा

पहिला मार्ग सुचला तो डिव्हाइस ट्रीचा: जेव्ही असलेल्या बोर्डाला वेगळी डिव्हाइस ट्री द्यायची. अर्ध्या रिळाने तो बंद केला. दुसरा, दोन वेगळी कर्नल बनवायची. तेही त्याच कारणाने निकालात, शिवाय ज्याला दोन प्रतिमा सांभाळाव्या लागतात तो एक दिवस चुकीची पाठवतोच. तिसरा मार्ग फ्लॅग न लावता मोडमध्येच राहण्याचा आणि बाहेर पडण्याची व्यवस्था सुधारण्याचा. तो वॉचडॉगपुढे लुळा पडतो हे वर आलंच. शिवाय एफव्हीत आणखी एक खोड आहे. चार-बाइट मोडमधून बाहेर पडताना तिचं विस्तारित पत्त्याचं रजिस्टर १ होऊन बसतं, आणि मग तीन-बाइट पत्त्याचं प्रत्येक वाचन दुसऱ्या १६ एमबीतून येऊ लागतं. लिनक्स प्रकल्पाच्या मूळ कर्नलमध्ये यासाठी विनबॉन्डच्या फाइलीत खास तरतूद आहे: मोडमधून बाहेर आल्यावर ते रजिस्टर पुन्हा शून्य करायचं. विक्रेत्याने दिलेल्या आमच्या जुन्या झाडात, म्हणजे कर्नलच्या कोडच्या साठ्यात, ती तरतूद आहे का हे मी त्याच दुपारी पाहिलं. होती.

राहिला चौथा मार्ग, चिपलाच विचारण्याचा. चिप्सची मानकं ठरवणाऱ्या जेडेक संस्थेने २०११ मध्ये जेईएसडी२१६ हे मानक काढलं. त्यानुसार चिप आपल्या क्षमतांचा एक तक्ता पोटात बाळगते, त्याला एसएफडीपी म्हणतात. हेक्स ५ए या आज्ञेने तो वाचता येतो. आम्ही दोन्ही चिपचे तक्ते काढून छापले आणि कागद शेजारी ठेवले.

पहिले चार बाइट दोन्हीकडे सारखे: ५३ ४६ ४४ ५०. ही एस, एफ, डी, पी या अक्षरांची आस्की मूल्यं, तक्ता खरा असल्याची खूण. त्यानंतर चार बाइटांची सर्वसाधारण माहिती, आणि आठव्या बाइटापासून मूलभूत तक्त्याचं हेडर. त्यातला पहिला बाइट तक्त्याच्या ओळखीचा आणि दुसरा, म्हणजे शून्यापासून मोजलं तर नववा, गौण आवृत्तीचा. जेव्हीच्या कागदावर तिथे ०५ होता. एफव्हीच्या कागदावर ००.

०५ म्हणजे जेईएसडी२१६ए, मानकाची २०१३ ची सुधारित आवृत्ती. एफव्ही मूळ आवृत्तीवर थांबलेली. आयडी जे सांगत नव्हता ते या एका बाइटाने सांगितलं. मी पेन्सिलीने त्याभोवती वर्तुळ काढलं. तो कागद अजून माझ्या फाइलीत आहे.

मग मूळ कर्नलचं झाड उघडलं आणि मनापासून हायसं वाटलं. आमच्या आधी हे सगळं कोणीतरी भोगलेलं होतं. तिथेही एकदा याच नोंदीला याच कारणासाठी हाच फ्लॅग जोडला गेला होता. पुढे दुसऱ्या कोणीतरी तो काढून त्याजागी तक्ता वाचल्यानंतर चालणारं एक छोटं दुरुस्तीचं फंक्शन बसवलं होतं: हेडरची गौण आवृत्ती जेईएसडी२१६एची असेल तरच चार-बाइट ऑपकोड चालू करायचे. वरच्या टिपणीत स्पष्ट लिहिलं आहे की दोन्ही रूपांना आयडी एकच आहे, म्हणून वेगळी नोंद करता येत नाही. मॅक्रोनिक्सच्या फाइलीतही तसंच फंक्शन आहे. तिथे खूण निराळी: तक्त्यात ४-४-४ पद्धतीच्या (आज्ञा, पत्ता आणि डेटा तिन्ही चार तारांवरून) जलद वाचनाचा उल्लेख असेल तर ती एफ, नसेल तर ई.

त्या मुलाचं म्हणणं पडलं की आता ते फंक्शन उचलून आणू आणि मोकळे होऊ. मी त्याला आणखी एक दिवस थांबवलं, आणि ते थांबवणं योग्य होतं असं मला आजही वाटतं. आवृत्तीचा आकडा हा क्षमतेचा पुरावा नाही. "ज्या पिढीला ही आवृत्ती आहे तिला ते ऑपकोड येतात" असा तो अनुमानाचा धागा आहे. दोन पिढ्या हातात असताना तो खरा ठरतो, पण उद्या तिसरी आली तर? कर्नलची अट नेमक्या ०५ ची आहे. पुढच्या लॉटमध्ये तिथे ०६ आला तर अट लागू होणार नाही. काही नव्या चिप्समध्ये चार-बाइट आज्ञांचा स्वतंत्र तक्ताच असतो, आणि मूळ कर्नल तो वाचून फ्लॅग आपणहून लावतं. तिथे अनुमानाची गरज नाही. आमच्या हातातल्या जेव्हीत तो तक्ता नव्हता. आमच्या झाडात तो वाचणारा कोड आहे का, हे पाहायला हवं होतं. नव्हता.

म्हणून अट सैल करून "०५ किंवा त्याहून पुढे" करावी का, यावर आम्ही बराच वेळ बोललो. त्याचा कल सैल करण्याकडे होता, उद्याची चिप आपोआप चालेल म्हणून. मी नकार दिला. ओळख पटली नाही तर कर्नल मोड वापरेल, म्हणजे फार तर वॉचडॉगचं जुनं दुखणं परत येईल. चुकीची ओळख पटली तर डेटा बुडेल. दोन चुकांमधली कोणती परवडते हे ठरवूनच अट लिहायला हवी. अट ०५ चीच राहिली.

दुसरी खेप

पॅचची दुसरी खेप आली ती तीन भागांची. पहिल्या भागात तक्ता वाचल्यावर दुरुस्ती करण्याची जागा, कारण आमच्या जुन्या झाडात ती नव्हती. दुसऱ्यात विनबॉन्डचं फंक्शन. तिसऱ्यात स्वतंत्र तक्ता वाचणारा कोड. क्रमावर मी एक शेरा दिला होता: दुरुस्तीचं फंक्शन ऑपकोड ठरण्याच्या आधी चाललं पाहिजे, नाहीतर फ्लॅग लागतो आणि तरी ड्रायव्हर जुनेच ऑपकोड घेऊन बसलेला असतो. पहिल्या मसुद्यात नेमकं तेच झालं होतं, आणि जेव्हीवर वॉचडॉगने बोर्ड परत झोपला तेव्हा त्यानेच ते शोधलं.

यू-बूटची आठवण त्यालाच झाली. बूटलोडरमध्येही फ्लॅशचा तक्ता असतो, वेगळा, आपला आपण वाढलेला, आणि आमच्याकडे अपडेटचा काही भाग तोच लिहितो. तिथे काय लिहिलं आहे हे न पाहता कर्नल दुरुस्त करून उपयोग नव्हता. त्याने तिथली नोंदही तपासली आणि दोन्ही चिपवर लिहून-पुसून खात्री केली.

संदेश यावेळी दोन वाक्यांचा नव्हता. मूळ कर्नलच्या दस्तऐवजात नव्या फ्लॅशच्या पॅचसोबत कोणत्या चाचण्या द्यायच्या याची यादी आहे, तीच आम्ही घेतली: कोणत्या कंट्रोलरवर आणि किती वारंवारतेला तपासलं, आयडी, एसएफडीपी तक्त्याचा पूर्ण डम्प आणि त्याची शा-२५६ बेरीज, आणि पुसणे, वाचणे, लिहिणे, परत वाचणे यांचं कन्सोलवरचं जसंच्या तसं फलित. आमची भर एवढीच की हे सगळं दोनदा, एकदा जेव्हीवर आणि एकदा एफव्हीवर, आणि पुसायला लागलेला वेळही लिहायचा. एफव्हीच्या खाली पाच सेकंदांच्या आसपासचा आकडा आला तेव्हा मी पॅचवर सही केली.

एक गोष्ट सुटली नाही, आणि ती सुटल्यासारखी दाखवणं मला मान्य नव्हतं. एफव्ही असलेले बोर्ड वॉचडॉगच्या रीसेटनंतर आजही अडकतात. मोठ्या १६ पायांच्या पॅकेजमध्ये फ्लॅशला रीसेटचा वेगळा पाय मिळतो, तो प्रोसेसरच्या रीसेटला जोडला असता तर प्रश्नच नव्हता. आमच्या बोर्डावर आठ पायांची चिप आहे. सॉफ्टवेअरने चिप रीसेट करण्याची आज्ञा एफव्हीला कळते, पण ती द्यायला त्या क्षणी जागं असं कोणी नसतं, बूट रॉम ती देत नाही. म्हणून प्रकाशनाच्या टिपणात आम्ही ते तसंच लिहिलं: कोणत्या चिपच्या बोर्डांना हा दोष आहे, कर्नलच्या लॉगमधली कोणती ओळ पाहून ती चिप ओळखायची, आणि असा बोर्ड अडकला तर वीज काढूनच सुरू करावा लागेल. फील्डवरच्या माणसांनी त्या टिपणाबद्दल आभार मानले. त्यांना हे कित्येक वर्षं अनुभवाने ठाऊक होतं, कारण माहीत नव्हतं.

एफव्हीचे ते तीन बोर्ड मी परत दिले नाहीत. त्यांच्यावर चिपचं नाव लिहून ते चाचणीच्या रॅकवर कायमचे लावले आहेत, आणि फ्लॅशला हात लावणारा प्रत्येक पॅच आता त्यांच्यावरूनही जातो. काका नवं रीळ उघडलं की चिपच्या पाठीचा जवळून काढलेला फोटो मला पाठवतात. गेल्या महिन्यात आलेल्या फोटोत जेव्हीच होती. तरी त्या मुलाने रिळातली एक चिप बोर्डावर लावून घेतली, एसएफडीपीचा डम्प काढला, आणि नवव्या बाइटाभोवती वर्तुळ काढून कागद माझ्या टेबलावर ठेवला. तिथे ०६ होता.